पाणपोईवरची पाटी

मे महिन्यातील अकोल्याची दुपार ज्याने अनुभवली आहे, त्याला पाणपोईचे मोल सांगावयास नको. पारा पंचेचाळीस अंशांच्या आसपास असतो, रस्ते ओस पडलेले असतात आणि अशा वेळी कोणीतरी झाडाखाली, ओल्या फडक्यात गुंडाळलेले चार रांजण मांडून ठेवलेले असतात. येणाऱ्याने प्यावे आणि पुढे जावे. नाव विचारीत नाहीत, पैसे घेत नाहीत.

अशाच एका पाणपोईवर मी एकदा एक तंटा ऐकला. एका प्रवाशाने पेला तोंडाला लावला आणि तो रागावून म्हणाला, "काहून हो, पानी कोमट काहून आहे?" रांजण भरणारे वृद्ध गृहस्थ शांतपणे म्हणाले, "भाऊ, म्या रांजण भरले, बर्फाचा कारखाना नाई टाकला." शेजारी एक पाटी होती. तीवर लिहिले होते: पाणी सकाळी ९ ते सायंकाळी ६. फक्त पिण्यासाठी. रांजण रोज धुतले जातात. प्रवाशाने ती वाचली नव्हती.

विद्यार्थी मित्रांनो, या तंट्यात बरोबर कोण, हे ठरविणे अवघड नाही. परंतु असाच तंटा संगणकाच्या जगात रोज होत असतो आणि तेथे मात्र भल्याभल्यांचा निवाडा चुकतो. रोजच्या बोलण्यात ज्याला आपण सॉफ्टवेअर म्हणतो, त्याला या लेखात आपण आज्ञावली म्हणू. आज जगातील असंख्य आज्ञावली पाणपोईसारख्या आहेत. त्या कोणीही घ्याव्यात, वापराव्यात, इतरांना द्याव्यात. प्रश्न असा, की अशी वस्तू घेतल्यावर देणाऱ्याकडून आणखी किती अपेक्षा ठेवावी? आणि देणाऱ्याने काय सांगून ठेवावे?

'मुक्त' म्हणजे नेमके काय?

१९८३ साली अमेरिकेतील रिचर्ड स्टॉलमन यांनी ग्नू नावाच्या प्रकल्पाची घोषणा केली. संगणक चालविणारी संपूर्ण प्रणाली अशी असावी, की ती कोणालाही वापरता, तपासता, बदलता आणि वाटता यावी, असा त्यांचा आग्रह होता. १९९१ साली फिनलंडमधील लिनस टोर्वाल्ड्स या विद्यार्थ्याने लिनक्स नावाचा प्रणालीचा गाभा लिहिला आणि तो सर्वांसाठी खुला केला. आज अँड्रॉइडवर चालणाऱ्या प्रत्येक मोबाइलच्या पोटात लिनक्सचा गाभा आहे. म्हणजे अमरावतीच्या बाजारात भाव पाहणारा व्यापारी आणि शेताच्या धुऱ्यावर बसून हवामानाचा अंदाज पाहणारा शेतकरी, दोघेही नकळत या पाणपोईवर पाणी पितात.

अशा आज्ञावलीची मूळ संहिता, म्हणजे माणसाने लिहिलेला व माणसाला वाचता येणारा मजकूर, सर्वांना उपलब्ध असते. सोबत एक परवाना असतो. वापरणाऱ्याला कोणते हक्क मिळतात ते त्यात लिहिलेले असते. परंतु बहुतेक परवान्यांच्या शेवटी आणखी एक कलम असते आणि ते सहसा कोणी वाचत नाही. त्याचा आशय असा: ही वस्तू जशी आहे तशी दिली आहे, ती तुमच्या कामास येईलच अशी हमी नाही, तिच्यामुळे नुकसान झाल्यास आम्ही जबाबदार नाही.

हे कलम वाचून काही जण चमकतात. "म्हणजे यांनी काहीही गळ्यात मारावे आणि हात झटकावेत?" असे ते विचारतात. शंका रास्त आहे. तिचे उत्तर मात्र आपल्याला आपल्याच वऱ्हाडातील एका नेहमीच्या व्यवहारात सापडते.

टॅग लावलेली पिशवी आणि शेजाऱ्याचे बियाणे

मृग जवळ आला, की आपल्याकडे सोयाबीनच्या बियाण्याची धावपळ सुरू होते. राज्याच्या बियाणे महामंडळाचे, म्हणजे १९७६ साली स्थापन झालेल्या महाबीजचे, मुख्यालय अकोल्यातच आहे. त्यामुळे बियाण्याची पिशवी आपल्या वाचकांनी पाहिलेली असणारच. प्रमाणित बियाण्याच्या पिशवीला निळा टॅग असतो. वाण कोणता, गट क्रमांक काय, वापराची मुदत कोणती, हे पिशवीवर आणि टॅगांवर छापलेले असते. सोयाबीनची उगवण किमान ७० टक्के असावी असे प्रमाण ठरलेले आहे. शेतकरी त्या पिशवीचे पैसे देतो, पावती घेतो. बियाणे उगवले नाही तर तक्रार करण्याचा त्याला अधिकार असतो. २०२० च्या खरिपात विदर्भात व मराठवाड्यात सोयाबीन न उगवल्याच्या तक्रारी मोठ्या संख्येने झाल्या. शेतकऱ्यांनी दाद मागितली आणि ते योग्यच होते.

आता दुसरा प्रकार पाहा. शेजारचा शेतकरी म्हणतो, "माझ्याकडे घरचं बियाणं उरलं आहे, हवं तर घेऊन जा." त्याला टॅग नाही, पावती नाही. ते उत्तम असेल किंवा नसेलही. सोयाबीनचे टरफल नाजूक असते. पोते उंचावरून आपटले तरी दाण्याच्या अंकुराला इजा होऊन उगवण घटते. म्हणून शहाणा शेतकरी काय करतो? शंभर दाणे मोजतो, ओल्या गोणपाटात गुंडाळून ठेवतो आणि काही दिवसांनी किती दाण्यांना सशक्त कोंब आले ते मोजतो. सत्तर किंवा अधिक आले तर पेरतो. कमी आले तर बियाण्याचे प्रमाण वाढवितो किंवा ते बियाणे बाजूला ठेवतो. परीक्षा न करता पेरून मग शेजाऱ्याच्या दारात जाऊन भांडणे, हे त्याला शोभत नाही.

मोफत आज्ञावली म्हणजे शेजाऱ्याचे बियाणे होय. टॅगाची किंमत त्यात धरलेली नाही, म्हणून टॅगाचा हक्कही त्यात नाही. मात्र एक गोष्ट शेजाऱ्यालाही लागू आहे. त्या बियाण्याला कीड लागली आहे हे ठाऊक असूनही तो गप्प राहिला, तर तो दोषी ठरतो. हमी न देणे वेगळे आणि माहीत असलेला धोका लपविणे वेगळे. परवान्यातील कलम पहिल्या गोष्टीची मोकळीक देते. दुसऱ्या गोष्टीची मोकळीक माणुसकी देत नाही.

एका दिवसाची चूक

आता आमच्या शाळेतील एक प्रसंग सांगतो. अकोल्यातील एका शाळेत आम्ही विज्ञान मंडळ चालवितो. सूर्य बरोबर डोक्यावर येऊन सावली पायाखाली नाहीशी होण्याचा दिवस, म्हणजे शून्य सावलीचा दिवस, मुलांनी आधी गणिताने शोधावा व मग मैदानात काठी रोवून पाहावा, असे आम्ही ठरविले. आपल्याकडे हा योग मे महिन्याच्या चौथ्या आठवड्यात येतो. जुलैतही एकदा येतो, पण तेव्हा आकाश ढगांनी झाकलेले असते.

या कामासाठी आम्ही स्टेलॅरियम ही मुक्त आज्ञावली घेतली. पडद्यावर हुबेहूब आकाश दाखविणारी ही आज्ञावली फ्रान्समधील फाबियँ शेरो यांनी २००० साली लिहावयास घेतली आणि पुढे अनेक देशांतील हौशी मंडळींनी ती वाढविली. मुलांनी यादीतून गाव निवडण्याऐवजी हौसेने शाळेचे अक्षांश-रेखांश नकाशावरून काढून स्वतः भरले. उत्तर आले २२ मे. वर्तमानपत्रातील यादीत मात्र अकोल्यासाठी २३ मे छापलेली होती!

मुले खवळली. नववीतील एका विद्यार्थ्याने आज्ञावली लिहिणाऱ्यांना पाठविण्यासाठी लगेच पत्राचा मसुदा केला. "तुमची आज्ञावली चुकीची आहे. आमचा कार्यक्रम बिघडत आहे. त्वरित दुरुस्त करा." एवढाच मजकूर. मी त्याला म्हणालो, "बाळ, पत्र अवश्य पाठवू. पण ज्याला लिहितोस तो माणूस दिवसभर आपली नोकरी करून रात्री हे काम करीत असेल. तू कोण, अकोला कोठे, त्याला ठाऊक नाही. 'पोट दुखते' एवढेच सांगितले तर डॉक्टर तरी काय करतील? चार गोष्टी लिही. आज्ञावलीची आवृत्ती कोणती व संगणक कोणता. आपण काय काय केले, पायरी पायरीने. काय दिसेल अशी अपेक्षा होती. आणि प्रत्यक्षात काय दिसले."

तो लिहू लागला. "पायरी दुसरी: अक्षांश २०.४२ भरले." येथे त्याचा हात थांबला. नकाशावर होते २० अंश ४२ मिनिटे. एका अंशाची मिनिटे साठ, म्हणून ४२ मिनिटे म्हणजे ०.७० अंश. भरावयास हवे होते २०.७०; भरले होते २०.४२! म्हणजे कागदोपत्री आमची शाळा सुमारे तीस किलोमीटर दक्षिणेला सरकली होती. त्या दिवसांत दुपारचा सूर्य रोज सुमारे ०.२ अंश उत्तरेला सरकतो. साहजिकच दक्षिणेकडील त्या काल्पनिक शाळेवर तो एक दिवस आधी पोहोचला. अंक दुरुस्त करताच पडद्यावर २३ मे हीच तारीख आली. अमरावती थोडी उत्तरेला असल्यामुळे तेथे हा योग एखाद्या दिवसाने नंतर येतो, तेही मुलांना दिसले.

मैदानातील काठीने हा वाद सुटला नसता, हेही लक्षात घ्या. ०.२ अंशाच्या फरकाने एक मीटर उंचीच्या काठीची सावली जेमतेम साडेतीन मिलिमीटर पडते. तेव्हा चूक सापडली ती नीट लिहिण्यामुळे. पत्र शेवटी पाठवावे लागलेच नाही. आणि पहिला मसुदा आम्ही तसाच पाठविला असता, तर दूरच्या कोणा सज्जनाची एक रात्र आमच्या साठाच्या हिशेबात वाया गेली असती.

पुढे २३ मे रोजी, घड्याळात बारा वाजून सुमारे १९ मिनिटांनी, काठीची सावली तिच्या बुडाशी गोळा झाली. बारा वाजता नव्हे, कारण आपली प्रमाणवेळ ८२.५ अंश रेखांशाची आहे आणि अकोला आहे ७७ अंशांच्या आसपास. मुलांनी टाळ्या वाजविल्या. त्यांतील काही टाळ्या त्या अनोळखी मंडळींसाठीही होत्या, असे मी मानतो.

चूक माझीच होती

येथवर वाचून असे वाटेल, की सगळा दोष घेणाऱ्याचाच असतो. तसे नाही. देणाराही चुकतो. त्याचा अनुभव मला अमरावतीला आला आणि त्यात चूक माझी होती.

माझ्या ओळखीच्या, अकरावीत शिकणाऱ्या एका मुलाने शाळेच्या ग्रंथालयासाठी एक छोटी आज्ञावली लिहिली. कोणते पुस्तक कोणाकडे, परत कधी यावयाचे, याची नोंद ती ठेवीत असे. काम सुबक होते. मला इतके कौतुक वाटले, की मी आणखी काही शाळांना ती देण्यास त्याला सांगितले आणि त्या शाळांना मोठ्या उत्साहाने सांगितले, "काही अडले तर त्याला केव्हाही फोन करा."

'केव्हाही' हा शब्द मी किती सहज उच्चारला! एका शाळेत छपाईयंत्र चालेना, फोन त्याला. दुसऱ्या शाळेत कोणी पासवर्ड विसरले, फोन त्याला. तपासणीच्या आदल्या रात्री दहा वाजता एका ठिकाणाहून दरडावणीच्या सुरात विचारणा झाली, की अहवाल का निघत नाही. त्याची बारावी जवळ आली होती. एक दिवस तो माझ्याकडे आला आणि म्हणाला, "सर, मी ती काढून टाकली. आता कोणाला काही देणार नाही."

हे वाक्य मला लागले. पाणी देणाऱ्या हातानेच रांजण उपडे केले होते. त्या शाळांचे शिक्षक दुष्ट नव्हते. त्यांना जेवढे सांगितले गेले, तेवढ्याची त्यांनी अपेक्षा केली. पाटी लावावयास हवी होती आणि ती लावली गेली नव्हती; उलट मी भलतीच पाटी लावली होती.

पाटीवर काय लिहावे?

नंतर आम्ही दोघांनी बसून एक कागद तयार केला. ज्यांनी कोणी काही करून इतरांना द्यावयाचे ठरविले असेल, त्यांच्या उपयोगी पडेल म्हणून त्याचा आशय देतो.

पहिले, ही वस्तू काय करते आणि काय करीत नाही. ग्रंथालयाची नोंद ठेवते. छपाईयंत्र दुरुस्त करीत नाही.

दुसरे, ती कोठे तपासली आहे. कोणत्या संगणकावर, किती पुस्तकांपर्यंत.

तिसरे, प्रश्न कोठे व कसे पाठवावेत. फोन नाही, लेखी. आणि त्यात वर सांगितलेल्या चार गोष्टी असाव्यात.

चौथे, उत्तर केव्हा मिळेल. "रविवारी पाहतो. परीक्षेच्या काळात, फेब्रुवारी ते एप्रिल, पाहणार नाही."

पाचवे, आणि सर्वांत महत्त्वाचे: हे काम मी थांबविले, तर तसे येथे स्पष्ट लिहीन. संहिता खुली आहे. ज्याला पुढे न्यावयाची असेल त्याने न्यावी. आपल्या नोंदींची एक प्रत मात्र प्रत्येकाने नेहमी वेगळी ठेवावी.

हा कागद शाळांना पाठविला तेव्हा मला भीती होती, की लोक नाराज होतील. एका शाळेने खरोखरच वापर बंद केला आणि पुन्हा वह्या उघडल्या. तेही ठीकच झाले, कारण त्यांना हवी असलेली तत्परता तो मुलगा देऊ शकत नव्हता, आणि हे त्यांना वेळेवर कळले. बाकीच्यांचे काम सुरळीत चालू राहिले.

मोठमोठे प्रकल्पही हेच करतात. एसक्यूलाइट ही माहिती साठविणारी आज्ञावली रिचर्ड हिप यांनी २००० साली सुरू केली. बहुतेक प्रत्येक मोबाइलमध्ये ती आहे. तिच्या कर्त्यांनी जाहीर केले आहे, की २०५० सालापर्यंत तिची देखभाल करण्याचा आमचा इरादा आहे. उबुंटू या लिनक्स-प्रणालीच्या दीर्घ मुदतीच्या आवृत्त्या दर दोन वर्षांनी निघतात आणि त्या प्रत्येकीला पाच वर्षे सुरक्षेच्या दुरुस्त्या मोफत मिळतील, असे आधीच सांगितलेले असते. ज्या शाळेला संगणक घ्यावयाचा आहे, तिला या एका आकड्याचा किती उपयोग! पाच वर्षे की पन्नास, हा मुद्दा दुय्यम आहे. आकडा सांगितला आणि पाळला, यात त्याचे मोल आहे.

नाही म्हणणे हाही पाटीचाच भाग आहे. इंटरनेटवरून माहिती आणणारी कर्ल ही आज्ञावली स्वीडनचे डॅनियल स्टेनबर्ग १९९८ पासून सांभाळीत आहेत. डिसेंबर २०२१ मध्ये लॉगफोरजे नावाच्या दुसऱ्याच एका आज्ञावलीत मोठा दोष सापडला. जानेवारी २०२२ मध्ये एका बड्या कंपनीने स्टेनबर्ग यांना प्रश्नांची यादी पाठवून चोवीस तासांत उत्तरे मागितली. त्या कंपनीने त्यांना कधी काही दिले नव्हते. स्टेनबर्ग यांनी नम्रपणे कळविले, की आपला देखभालीचा करार झाला, की आनंदाने उत्तरे देईन. पाणपोईवर टँकर लावणाऱ्याला याहून वेगळे काय सांगावे?

थकलेला माणूस आणि गोड बोलणारा पाहुणा

हा सगळा शिष्टाचाराचा विषय आहे, यात धोका तो काय, असे कोणी म्हणेल. त्याने २०२४ सालची ही हकिकत ऐकावी.

एक्सझेड नावाची, माहितीचा आकार लहान करणारी एक आज्ञावली आहे. लिनक्सवर चालणाऱ्या अगणित संगणकांत ती असते. लासे कॉलिन हे गृहस्थ अनेक वर्षे ती जवळजवळ एकट्याने सांभाळीत होते. २०२२ च्या सुमारास त्यांच्यामागे तगादा सुरू झाला. दुरुस्त्या लवकर का होत नाहीत? दुसऱ्या कोणाकडे काम का सोपवीत नाही? हा बिनपगारी छंद आहे, याची आठवण त्यांना करून द्यावी लागली. त्याच काळात जिया तान असे नाव सांगणारी एक व्यक्ती मदतीला आली होती. ती मन लावून काम करी. हळूहळू तिच्या हाती अधिकार आले. आणि फेब्रुवारी व मार्च २०२४ मध्ये निघालेल्या ५.६.० व ५.६.१ या आवृत्त्यांत तिने एक चोरवाट दडविली. ती सर्वत्र पसरली असती, तर दूर बसून परक्याला असंख्य संगणकांत शिरता आले असते.

हा कट उघडकीस आला तो एका चौकस माणसामुळे. आंद्रेस फ्रॉइंड या अभियंत्याला दिसले, की संगणकात प्रवेश करावयास नेहमीपेक्षा सुमारे अर्धा सेकंद अधिक लागतो आहे. अर्धा सेकंद! दुसऱ्या कोणी दुर्लक्ष केले असते. त्यांनी मागोवा घेतला आणि २९ मार्च २०२४ रोजी जगाला सावध केले. तोवर त्या आवृत्त्या बहुतांशी चाचणीच्या टप्प्यातील प्रणालींतच पोहोचल्या होत्या, म्हणून मोठा अनर्थ टळला. कॉलिन यांच्यामागे लागलेल्या तगादेखोरांपैकी काही जण त्याच कटातील असावेत, असा अनेक अभ्यासकांचा तर्क आहे.

यातून काय दिसते? एका माणसाच्या खांद्यावर हजारोंनी भार टाकला, कोणी हात लावला नाही, उलट टोचले. आणि मग तो थकलेला माणूस पहिल्या गोड बोलणाऱ्या पाहुण्याच्या हाती रांजण सोपवून बसला. अवास्तव अपेक्षा ही नुसती असभ्यता नसते. कधीकधी ती सर्वांच्या पाण्यात विष कालविण्याची वाट मोकळी करून देते.

मग भरवसा कशावर ठेवावा?

एक आक्षेप शिल्लक राहतो आणि तो वजनदार आहे. हमी नसलेल्या वस्तूवर शाळा, दवाखाने, बँका चालवाव्यात कशा? शिक्षकाला वर्गात मुले समोर बसलेली असतात; त्याला "रविवारी पाहतो" हे उत्तर कसे चालेल?

माझे उत्तर असे. भरवसा हवा असेल तर त्याची किंमत कोणीतरी दिली पाहिजे. ती पैशाने द्या, नाही तर श्रमाने द्या. केरळ राज्याने २००१ साली शाळांसाठी संगणक-शिक्षणाचा प्रकल्प सुरू केला आणि पुढे शाळांत मुक्त आज्ञावलींचा वापर केला. आज्ञावली मोफत होती, पण तेथे काम त्यावर थांबले नाही. शिक्षकांना प्रशिक्षण दिले, शाळांना मदत करणारी माणसे तयार केली. आपल्या मुंबईच्या आय.आय.टी.मध्ये केंद्र शासनाच्या साहाय्याने फॉसी आणि स्पोकन ट्युटोरियल हे प्रकल्प सुरू झाले. मुक्त आज्ञावली कशा वापराव्यात याचे दृक्-श्राव्य धडे तेथे तयार झाले आणि त्यांतील अनेक मराठीतही आहेत. मूळ आज्ञावली लिहिणाऱ्याला प्रश्न विचारण्याआधी आपल्या शाळेने हे धडे पाहिले आहेत काय, हे प्रत्येक शिक्षकाने स्वतःला विचारून पाहावे.

आणि ज्या कंपन्या व कार्यालये या आज्ञावलींवर रोजची उलाढाल करतात, त्यांनी देखभालीसाठी पैसे द्यावेत किंवा आपली माणसे द्यावीत. हे दान समजू नये. हा त्यांच्या धंद्याचा खर्च आहे. विहिरीचे पाणी मोफत असले तरी मोटेचा दोर विकतच आणावा लागतो.

आपण काय करू शकतो?

विद्यार्थ्यांकडे पैसे नसतात. पण देण्यासारखे पुष्कळ असते. अमरावती जिल्ह्यातील शेंडगाव येथे १८७६ साली जन्मलेले गाडगेबाबा कोणत्याही गावात गेले, की प्रथम खराटा घेऊन ते गाव झाडीत आणि रात्री कीर्तन करीत. ज्या गावाचे अन्न खावयाचे, त्याचे काही काम आधी करावयाचे, हा त्यांचा रिवाज. मुक्त आज्ञावलीच्या गावातही झाडलोट भरपूर असते. एखाद्या आज्ञावलीचे मराठी भाषांतर अपुरे असेल तर ते पुरे करावे. सूचना-पुस्तिकेत चूक दिसली तर दुरुस्ती सुचवावी. दोष आढळला तर चार गोष्टींसह नीट कळवावा. आणि काम चांगले झाले असेल तर दोन ओळींचे आभारपत्र लिहावे. ते फार थोड्यांना मिळते.

पुढच्या सत्रात प्रत्येक विज्ञान मंडळाने एक उपक्रम करून पाहावा. शाळेच्या संगणकांवर कोणत्या मुक्त आज्ञावली आहेत त्यांची यादी करा. प्रत्येकीसमोर तीन रकाने काढा: तिची देखभाल कोण करतो, सुरक्षेच्या दुरुस्त्या कोणत्या सालापर्यंत मिळणार, आणि ती उद्या बंद पडली तर आपण काय करणार. तिसरा रकाना भरताना बहुतेकांची लेखणी अडखळेल. तेथेच चर्चेला सुरुवात करावी.

तो अमरावतीचा मुलगा आता अभियांत्रिकीला आहे. त्याची ग्रंथालयाची आज्ञावली पुन्हा उपलब्ध आहे आणि ती उघडताच प्रथम त्याची पाटी दिसते. मध्यंतरी एका शाळेतील विद्यार्थिनीने त्याला एक दोष कळविला. आवृत्ती, पायऱ्या, अपेक्षा, प्रत्यक्ष, सारे व्यवस्थित लिहून. पत्र बुधवारी आले होते. पाटीवर रविवार लिहिलेला असूनही त्याने त्याच रात्री दुरुस्ती करून पाठविली.